दिवसभर बोलणारा रेडिओ खान्देशात कसा बसवाल?

प्रश्न थोडक्यात असा आहे. धुळे-जळगावकडचे काही तरुण मिळून खान्देशासाठी बोलका रेडिओ काढणार आहेत. सुरुवात इंटरनेटवरून, मोबाईलवर ऐकता येईल अशी. पुढे परवाना मिळाला तर सामुदायिक रेडिओ, म्हणजे आपल्या परिसरापुरतं स्थानिक केंद्र. इंग्लंडच्या बीबीसी रेडिओ ४ वर पहाटेपासून मध्यरात्रीपर्यंत जवळजवळ सगळं बोलणंच असतं, हे त्यांना कळलंय. एवढ्या तऱ्हेतऱ्हेच्या कार्यक्रमांचा एक दिवस आखतात कसा, आणि गाण्यांशिवाय आपल्याकडे कोण ऐकेल, असं ते विचारतात.

माझी उमेदीची वर्षं खान्देशात रेडिओचे कार्यक्रम करण्यात गेली. उद्घोषणा केल्या, शेतीचे कार्यक्रम केले, श्रुतिका, म्हणजे रेडिओवरची नाटकं, बसवल्या. त्या अनुभवावरून सांगतो: दिवस विषयांवरून आखू नका. त्या वेळी ऐकणाऱ्याच्या हातात कोणतं काम आहे, त्यावरून आखा.

नवी मंडळी कागद घेऊन बसली की आधी विषयांचे खाने पाडतात. शेती, आरोग्य, महिला, युवक, साहित्य, करिअर. मग प्रत्येक खान्याला अर्धा तास देतात. कागदावर ते छान दिसतं. पण त्यात शेतीचा कार्यक्रम सकाळी अकराला पडतो, आणि अकराला शेतकरी फवारणीचा पंप पाठीवर घेऊन उभा असतो. त्याला तेव्हा तुमचा तज्ज्ञ ऐकूच जाणार नाही.

रेडिओ ४ चं वेळापत्रक या नजरेने बघा. ३० सप्टेंबर १९६७ ला बीबीसीने जुन्या होम सर्व्हिसच्या जागी हे केंद्र सुरू केलं, आणि त्यातले कित्येक कार्यक्रम केंद्रापेक्षाही जुने आहेत. पहाटे पावणेसहाला शेतीचा छोटा कार्यक्रम. सहा ते नऊ बातम्या आणि मुलाखती, पण तुकड्या-तुकड्यांत; कारण तेव्हा लोक आंघोळीला जातात, चहा टाकतात, घराबाहेर पडतात. कोणीही तीन तास सलग ऐकत नाही, हे धरूनच तो कार्यक्रम बांधलेला आहे. नऊला घर जरा शांत झालं की पाऊण तासाची एकाच विषयावरची चर्चा. दहाला ‘वूमन्स अवर’, जो १९४६ पासून चालू आहे. दुपारी एकला बातम्या, सव्वादोनला पाऊण तासाचं नाटक. संध्याकाळी पाचला पुन्हा बातम्या, साडेसहाला हलकंफुलकं काही, सातला ‘द आर्चर्स’ ही मालिका. रात्री पावणेअकराला पंधरा मिनिटं पुस्तकवाचन. विषय रोज बदलतात, पण कोणत्या वेळी माणूस किती लक्ष देऊ शकतो हा हिशेब बदलत नाही. तिथला वैविध्याचा भाग दिसतो सगळ्यांना. त्याखालचा हा हिशेब दिसत नाही.

आता आपला दिवस. आपल्याकडे एक अडचण आहे जी लंडनला नाही: खान्देशात एकच दिवस वर्षभर चालत नाही. मे महिन्यातला दिवस आणि कापूस वेचणीच्या दिवसांतला दिवस यांचं एकमेकांशी नातं नाही. उन्हाळ्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो, तेव्हा बारा ते चार गाव घरात असतं. तीच माणसं ऑक्टोबर ते डिसेंबर दुपारभर कपाशीच्या ओळीत असतात. त्यामुळे किमान दोन वेळापत्रकं करा. एक आखाजीपासून, म्हणजे अक्षय्य तृतीयेपासून, मृगापर्यंतचं; दुसरं खरिपाचं आणि वेचणीचं. रोजची स्थानिक माहिती, हवामान, बाजारभाव आणि मालिका या चार गोष्टींची वेळ मात्र बाराही महिने एकच ठेवा. त्यांवर लोक घड्याळ लावतील. बीबीसी १९२४ पासून तासाच्या ठोक्याला सहा टिपा, म्हणजे सहा छोटे आवाज, वाजवते. आपल्या आकाशवाणीवरही बातम्यांआधी टिपा ऐकून घड्याळ जुळवणारी पिढी अजून आहे. सातचा कार्यक्रम सात वाजून तीन मिनिटांनी लागला की ऐकणाऱ्याचा तुमच्यावरचा भरवसा तेवढा कमी होतो. इंटरनेटवर कधीही ऐकता येतं म्हणून वेळेचं महत्त्व संपलं, असं मला कोणी सांगितलं तर मी मान्य करणार नाही.

पहाटेचा भाग साडेपाचला सुरू करा. उन्हाळ्यात बायका त्याही आधी उठून चुलीवर बिबड्यांचा, म्हणजे ज्वारीच्या पापडांचा, घाटा ढवळत असतात. ऊन चढायच्या आत बिबडे घातले गेले पाहिजेत. हात गुंतलेले, कान मोकळे. या वेळेला निवांत, सलग बोलणं चालतं: आजीने सांगितलेली कानबाई देवीची कथा, जात्यावरच्या ओव्या आणि त्यांच्यामागची गोष्ट, एखाद्या बाईच्या बचत गटाचा अनुभव. महिलांचा कार्यक्रम म्हणून दुपारी अर्धा तास बाजूला काढण्यापेक्षा हे मला जास्त बरं वाटतं. पाककृती सांगायचीच असेल तर सांगा, पण खान्देशातल्या बाईला भरीत कसं करायचं हे रेडिओने सांगायची गरज नाही. तिला पिकाच्या कर्जाचे नियम, सातबाऱ्यावर नाव लावायची पद्धत, मुलीच्या वसतिगृहाचा अर्ज हे सांगा.

साडेसहा ते साडेसात हा तुमचा सगळ्यात मोलाचा तास. त्यात काहीही पाच मिनिटांपेक्षा लांब नको. आणि शेतीच्या पाच मिनिटांत एकच गोष्ट सांगायची. उदाहरण देतो. कपाशीवरच्या गुलाबी बोंडअळीबद्दल तज्ज्ञ तुम्हाला लिहून देतील: ‘शेतकरी बांधवांनी कामगंध सापळ्यांच्या साहाय्याने निरीक्षण करून आर्थिक नुकसानीची पातळी ओलांडल्यास योग्य त्या उपाययोजना कराव्यात.’ वाक्य चूक नाही, पण ऐकून कोणी काही करणार नाही. हेच माईकवर असं म्हणा: ‘एकराला दोन सापळे लावा. रोज सकाळी सापळ्यातले पतंग मोजा. एका सापळ्यात आठ पतंग, आणि असं लागोपाठ तीन रात्री झालं, तर अळी आली असं समजा. पुन्हा सांगतो. आठ पतंग, तीन रात्री.’ मग थांबा. दुसऱ्या दिवशी डोमकळी कशी ओळखायची ते सांगा, म्हणजे पाकळ्या न उमललेलं, मिटून राहिलेलं फूल. तिसऱ्या दिवशी हिरवी बोंडं फोडून आत काय बघायचं ते. आकडा दोनदा सांगायचा, कारण पहिल्या वेळी माणूस ‘हं, हे माझ्या कामाचं आहे’ एवढंच ओळखतो. लक्षात ठेवतो तो दुसऱ्या वेळी. पाच मिनिटांच्या बोलण्याला साडेपाचशे-सहाशे शब्द पुरतात. त्याहून जास्त लिहून आणलं की वाचणारा पळायला लागतो.

केळीचं गणित वेगळं आहे. रावेर-यावलच्या माणसाला भाव हवा असतो, तोही संध्याकाळी, कारण उद्या घड कापायचे की दोन दिवस थांबायचं हे घरात रात्री ठरतं. सकाळी त्याला वारा हवा असतो. मे-जूनमध्ये वादळी वाऱ्याने उभी बाग आडवी होते, आणि डिसेंबर-जानेवारीच्या कडाक्याच्या थंडीत घडांची वाढ खुंटते. म्हणून एकाच पिकाच्या दोन गोष्टी दोन वेगळ्या वेळी. विषयवार खाने पाडणाऱ्याला हे सुचत नाही. तो ‘केळी’ म्हणून एकच कार्यक्रम करतो.

बातम्यांचं एक ध्यानात ठेवा. सामुदायिक रेडिओला आपल्याकडे स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत, आणि निम्मे तरी कार्यक्रम स्थानिक पातळीवरच तयार केलेले असावे लागतात. पुढे तो परवाना घ्यायचा असेल तर पहिल्या दिवसापासून त्याच शिस्तीत काम करा. पाणी कधी येणार, परीक्षेचे अर्ज कधी भरायचे, कोणत्या गावी आरोग्य शिबिर आहे, ही माहिती लोकांना बातमीइतकीच लागते. ती नीट, पडताळून, रोज द्या.

नऊ ते अकराचा वेळ मी तुमच्या जागी असतो तर शाळा-कॉलेज आणि दुकानदारांना दिला असता. त्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. पुनःप्रसारणही इथेच घाला. पुनःप्रसारणाची लाज वाटू देऊ नका. ‘द आर्चर्स’चा भाग दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा लागतो, आणि आठवड्याचे सगळे भाग एकत्र करून पुन्हा एकदा. ज्याचा हुकला त्याला दुसरी संधी देणं हे कामाचाच भाग आहे. तुमच्याकडे माणसं चार-पाच असणार. रोज चार तास ताजं आणि बाकी पुनःप्रसारण, एवढं जमलं तरी पुष्कळ.

दुपार. उन्हाळ्यात ही नाटकाची वेळ. मराठी माणूस श्रुतिका ऐकत नाही हे खोटं आहे. मुंबई आकाशवाणीवरच्या ‘पुन्हा प्रपंच’ मधले टेकाडे भावजी ज्यांना आवाजावरून माहीत होते, त्यांतल्या बहुतेकांनी ते काम करणाऱ्या नटाला कधी पाहिलंही नव्हतं. ‘वनिता मंडळ’, ‘कामगार सभा’ हे कार्यक्रम घराघरांत, कामगार वस्त्यांत वर्षानुवर्षं ऐकले गेले, ते बोलण्याच्या बळावर. मात्र पाऊण तासाचं नाटक पहिल्याच वर्षी अंगावर घेऊ नका. पंधरा मिनिटं, तीन पात्रं, आणि तिन्ही आवाज एकमेकांपासून डोळे मिटूनही वेगळे ओळखू आले पाहिजेत. वेचणीच्या दिवसांत हीच दुपार बदला. बायका ओळीत वेचत असतात, एखादीच्या कमरेला फोन लावलेला असतो आणि चौघीजणी त्यावरून ऐकतात. तिथे नाटकाचे बारकावे हरवतात. मुलाखत, गप्पा, कोडी, उखाणे, कोणाच्या तरी माहेरची गोष्ट, असं चालतं. मधून ऐकायला लागलेल्या बाईला कोण बोलतंय हे कळावं म्हणून पाहुण्याचं नाव दर चार-पाच मिनिटांनी घ्या. स्टुडिओत बसलेल्याला ते नको इतकं वाटतं, ऐकणाऱ्याला वाटत नाही.

संध्याकाळी सातच्या मालिकेबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण खान्देशात खरं काम तिथे होईल असं मला वाटतं. ‘द आर्चर्स’ १ जानेवारी १९५१ पासून देशभर सुरू झाली. महायुद्ध संपून पाच वर्षं झाली होती, पण इंग्लंडमध्ये रेशन अजून चालू होतं आणि धान्य वाढवणं ही गरज होती. १९४८ मध्ये बर्मिंगहॅमला शेतकऱ्यांच्या एका बैठकीत सूचना आली, की लोक श्वास रोखून ऐकतात अशी शेतीची मालिका हवी. गॉडफ्रे बेझली यांनी ती उभी केली. गाव काल्पनिक, ॲम्ब्रिज नावाचं. आणि कौटुंबिक भानगडींच्या मधून नवं बियाणं, जनावरांचे आजार, नवी यंत्रं असं सगळं येत राहिलं. शेती खात्याचा सल्ला १९७२ पर्यंत घेतला जात होता. मालिका आजही चालू आहे, रविवार ते शुक्रवार, तेरा-चौदा मिनिटांचा भाग.

आपल्याकडे १९५६ साली त्याहून धाडसाचा प्रयोग झाला. पुणे आकाशवाणीने युनेस्कोच्या मदतीने तेव्हाच्या मुंबई राज्यातल्या पाच जिल्ह्यांत, १५० गावांत, रेडिओ ऐकणारी शेतकरी मंडळं केली. आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा कार्यक्रम एकत्र बसून ऐकायचा, मग त्यावर चर्चा करायची, आणि शंका केंद्राकडे पाठवायच्या. ऐका, चर्चा करा, करून बघा. टाटा समाजविज्ञान संस्थेच्या पॉल न्यूराथ यांनी त्याचा अभ्यास केला. मंडळं असलेल्या गावांत माहिती स्पष्टपणे वाढलेली दिसली, आणि मंडळ नसलेल्या गावांत, नुसता रेडिओ असूनही, तेवढी वाढली नाही.

तुम्ही या दोन्हींची सांगड घाला. तापीकाठचं एक काल्पनिक गाव उभं करा, त्यात दोन-तीन घरं. एक केळीवाला, एक कोरडवाहू कपाशीवाला, एक सुरतेला मिलमध्ये गेलेला मुलगा आणि त्याची इथे राहिलेली आई. प्रत्येक भागात उपयोगाची एकच गोष्ट यावी, आणि ती पात्राच्या अडचणीतून यावी. भाषणातून नको. आठवड्यातून एकदा गावोगावच्या गटांना फोन लावून विचारा, त्या आईने जमीन विकावी का? लोक पात्राबद्दल बोलता बोलता स्वतःबद्दल सांगतात. अशा फोनमधून तुम्हाला पुढच्या सहा महिन्यांचे विषय मिळतील.

आणि रात्र. बहुतेक केंद्रं दहा-अकराला आवरतात. खान्देशात तेव्हा आवरू नका.

शेतीपंपाची वीज आपल्याकडे काही दिवस दिवसा येते आणि काही दिवस रात्री. रात्रीची पाळी असली की माणूस जेवून बॅटरी आणि काठी घेऊन मळ्यात जातो. ठिबक असेल तर व्हॉल्व्ह बदलायचे, गहू-हरभऱ्याला पाणी असेल तर एक वाफा भरेपर्यंत बसून राहायचं. थंडी, साप, सातपुड्याच्या पायथ्याला बिबट्याची धास्ती. हा माणूस एकटा असतो, जागा असतो आणि त्याला काहीच काम नसतं अशी वीस-वीस मिनिटं त्याच्याकडे असतात. इतकं लक्ष देऊन ऐकणारा दिवसभरात दुसरा सापडणार नाही. रात्री अकरा ते एक त्याला द्या. सलग कथा, मोठी मुलाखत, इतिहासातला एखादा प्रसंग निवांत उलगडून: फैजपूरला १९३६ साली खेड्यात भरलेलं काँग्रेसचं पहिलं अधिवेशन, नंदुरबारचा शिरीषकुमार, इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांचे धुळ्यातले अखेरचे दिवस. त्याला अधूनमधून हेही सांगा, की कानात इअरफोनची बोंडं घालू नका, फोन बांधावर ठेवून ऐका, आजूबाजूची चाहूल कळू द्या.

रेडिओ ४ वर रात्री बारा वाजून ४८ मिनिटांनी समुद्रातल्या बोटींसाठी हवामान वाचतात. ब्रिटनभोवतीचे ३१ सागरी विभाग, क्रम कायमचा ठरलेला: वायकिंगपासून सुरुवात आणि मग घड्याळाच्या काट्याच्या दिशेने. शब्दांनाही मर्यादा आहे, एरवी ३५० आणि या रात्रीच्या वाचनाला ३८०. क्रम ठरलेला असल्यामुळे खलाशाला आपलं नाव केव्हा येणार हे ठाऊक असतं. तो आधीपासून कान टवकारून असतो. ही पद्धत जशीच्या तशी उचला. खान्देशाचे तालुके २५. रावेरपासून सुरू करा, सातपुड्याच्या कडेने यावल, चोपडा, शिरपूर, शहादा, तळोदा असं पश्चिमेला जा, अक्कलकुवा-धडगाव घ्या, नंदुरबार, नवापूरवरून साक्री, धुळे, शिंदखेड्याला या, आणि अमळनेर-पारोळ्यावरून पूर्वेला परतत चाळीसगाव, पाचोरा, जळगाव, भुसावळ करत मुक्ताईनगर-बोदवडला संपवा. हवामान खात्याचा अंदाज जिथे सारखाच असेल तिथे चार तालुके एका दमात म्हणा, पण क्रम मोडू नका. वारा, पाऊस, किमान तापमान, एवढंच. मागे संगीत नको. महिन्याभरात लोक तो क्रम पाठ म्हणायला लागतील, आणि ज्याचा तालुका शेवटी आहे तो शेवटपर्यंत ऐकेल.

गाण्यांचं विचारलंत. गाणी वर्ज्य करू नका, पण भरती म्हणून लावू नका. कार्यक्रम दोन मिनिटं आधी संपला की गाणं टाकायचं, ही सवय एकदा लागली की कार्यक्रम पाच मिनिटं आधी संपायला लागतात. त्याऐवजी तीस-चाळीस सेकंदांच्या गोष्टी तयार ठेवा: एक म्हण, एक कोडं, बाजाराच्या दिवसाची आठवण. गाणं असलंच तर बोलण्याला धरून असावं. बीबीसीच्या ‘डेझर्ट आयलंड डिस्क्स’ मध्ये १९४२ पासून पाहुण्याला आठ ध्वनिमुद्रिका निवडायला सांगतात आणि त्या निवडीतून त्याचं आयुष्य उलगडतं. भुसावळच्या एखाद्या निवृत्त रेल्वे ड्रायव्हरला किंवा सारंगखेड्याच्या यात्रेत घोडे विकणाऱ्याला आठ गाणी विचारून बघा. आठव्या गाण्यापर्यंत तुम्हाला अख्खा माणूस भेटतो.

भाषेबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण पहिल्या आठवड्यातच हा प्रश्न उभा राहील. निवेदन साध्या मराठीत ठेवा. येणारा माणूस ज्या बोलीत बोलेल त्या बोलीत बोलू द्या: अहिराणी, लेवा गणबोली, तावडी, पावरी, भिली, गुजरी. मुलाखत घेताना त्याने ‘शे’ म्हटलं आणि तुम्ही ‘म्हणजे आहे’ असं मध्येच म्हणालात की पुढची वीस मिनिटं तो पुस्तकी बोलतो. निवेदकाला बोली येत नसेल तर त्याने ती ओढूनताणून बोलू नये. लोकांना ते लगेच कळतं आणि आवडत नाही. धडगावकडच्या कार्यक्रमासाठी तिथलाच निवेदक शोधा, दुसरा मार्ग नाही.

स्टुडिओला फार पैसे घालू नका. एक आतली खोली, भिंतींवर जाड गोधड्या, दाराला फट नको. मे महिन्यात पंखा बंद करून बसणं जीवावर येतं, पण पंख्याची घरघर प्रत्येक शब्दाखाली ऐकू येते. म्हणून उन्हाळ्यातली ध्वनिमुद्रणं पहाटे करा. केळीच्या बागेत मुलाखत घेताना फाटक्या पानांचा फडफडाट आवाजापेक्षा मोठा येतो. वाऱ्याकडे स्वतःची पाठ करा, माईक पाहुण्याच्या तोंडापासून वीतभर अंतरावर धरा, आणि निघताना अर्धा मिनिट नुसत्या बागेचा आवाज वेगळा घेऊन ठेवा. जोडकाम करताना तोच सांधे झाकतो.

सुरुवात मृगाच्या आधी आठ दिवस करा. तेव्हा सगळ्यांचं लक्ष आभाळाकडे असतं आणि हवामानाची वेळ लोकांच्या अंगवळणी लवकर पडते. मात्र त्याआधी मालिकेचे निदान दोन महिन्यांचे भाग लिहून, मुद्रित करून हाताशी असू द्या, कारण पेरणी सुरू झाली की तुमचे निम्मे कलाकार शेतात असतील.